हिशेबाची पाने कुठे गेली? शेतीची आत्मकथने छापणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शेतीविषयक आत्मकथने प्रसिद्ध करणारे सर्व प्रकाशक आणि संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मागील महिन्यात आपल्यापैकी एका प्रकाशनसंस्थेकडून मला चार ओळींचे उत्तर आले. त्या चार ओळींमुळे हे पत्र खासगी न ठेवता उघडपणे लिहावे लागत आहे. नोकरी सोडून दीड एकर जमिनीवर शेती करू लागलेल्या एका माणसाचे आत्मकथन त्या संस्थेने काही वर्षांपूर्वी छापले होते. त्याची नवी आवृत्ती निघणार असल्याचे कळल्यावर मी विनंती केली होती, की या वेळी पुस्तकाच्या शेवटी पहिल्या पाच वर्षांचा जमाखर्च जोडावा. फार नाही, दोन पाने पुरतील. उत्तर असे आले, की लेखकाने मूळ हस्तलिखितात या विषयावर एक पूर्ण प्रकरण दिले होते, परंतु आकड्यांमुळे कथनाचा ओघ तुटतो म्हणून संपादनाच्या वेळी ते काढण्यात आले आणि नव्या आवृत्तीतही ते घेण्याचा विचार नाही.

म्हणजे इतकी वर्षे मी ज्या लेखकाला मनातल्या मनात बोल लावत आले, त्याने ती पाने लिहिली होती. त्याची मी या पत्रातून क्षमा मागते आणि माझे पुढचे म्हणणे ज्यांच्या हातात कात्री होती त्यांच्यापुढे ठेवते.

पुस्तकाचे, लेखकाचे किंवा संस्थेचे नाव मी घेणार नाही, कारण माझी तक्रार एका पुस्तकापुरती नाही. या प्रकारची डझनभर पुस्तके माझ्या कपाटात आहेत. निरनिराळ्या देशांतल्या, निरनिराळ्या हवामानांतल्या माणसांनी लिहिलेली. जमीन बदलते, पीक बदलते, लेखकाचा स्वभाव बदलतो, पण गाळलेली पाने जवळजवळ प्रत्येक पुस्तकात तीच असतात.

माझा या सगळ्याशी संबंध काय, हे आधी सांगितले पाहिजे. नऊ वर्षांपूर्वी मी हे पुस्तक एका रात्रीत वाचून संपवले, तेव्हा मी एका कार्यालयात हिशेब तपासण्याचे काम करत होते. दुसऱ्यांच्या जमाखर्चातली चूक काढणे हाच माझा पोटापाण्याचा उद्योग होता, आणि तरीही तीनशे पानांच्या पुस्तकात एकही बेरीज नाही हे माझ्या लक्षात आले नाही, इतके ते चांगले लिहिलेले आहे. त्यात शेंगवर्गीय पिकाच्या उगवणीचे एक वर्णन आहे: मातीला आधी केसाएवढी भेग पडते, त्या भेगेतून कोंब थेट डोके वर काढत नाही, तर मान वाकवून आधी पाठ दाखवतो आणि मग ताठ होताना बियांच्या दोन डाळिंब्या मातीतून ओढून वर आणतो. हे वर्णन अक्षरशः खरे आहे. मी पहिला वाफा पेरला तेव्हा सहाव्या दिवशी सकाळी उकिडवी बसून तेच पाहिले, तशीच भेग आणि तशीच पाठ, आणि ज्या पुस्तकाने हे इतके नेमके सांगितले त्याने बाकीचेही नेमकेच सांगितले असणार असे मी गृहीत धरले. माझी चूक झाली असेल तर ती एवढीच.

एका वर्षाच्या आत माझे पती आणि मी सव्वा एकराचा तुकडा खंडाने घेतला, दुसऱ्या वर्षी माझी नोकरी सोडली आणि तिसऱ्या वर्षी आम्ही बुडण्याच्या बेतात आलो. त्या वर्षीच्या एका रात्री मी पुस्तक आणि माझी वही शेजारी शेजारी उघडून बसले होते. पुस्तकात तिसऱ्या वर्षाविषयी एकच वाक्य आहे. त्यानंतरची दोन वर्षे कामाच्या रगाड्यात कशी सरली ते कळलेच नाही, अशा अर्थाचे. माझ्या वहीत त्याच तिसऱ्या वर्षाने एकशे बारा पाने घेतली होती: मजुरी, बियाणे, मर लागलेली रोपे, चोंदलेले ठिबक, न विकलेला माल, उसने घेतलेले पैसे. ज्या वर्षाला इतरांचे एक वाक्य पुरते त्याच वर्षाला आपली एकशे बारा पाने लागतात, तेव्हा खोट आपल्यातच असली पाहिजे, असा निष्कर्ष मी त्या रात्री काढला. पुढचे जवळजवळ दीड वर्ष मी तो निष्कर्ष घेऊन जगले आणि घरातही त्यावरून बरेच कडू बोलणे झाले. आता कळते, की मी ज्या वाक्याशी स्वतःची तुलना करत होते ते एका काढून टाकलेल्या प्रकरणावर मारलेले ठिगळ होते.

आपण म्हणाल, वाचकाने आत्मकथन हे आत्मकथन म्हणूनच वाचावे. त्याकडे मी येईनच. आधी तक्रारी.

पहिली तक्रार जमिनीविषयी आहे. या पुस्तकांत पहिल्या प्रकरणाच्या अखेरीस लेखक एक फाटक उघडतो आणि आत पाऊल टाकतो. फाटक कुणाचे, ते त्याच्या हाती कसे आले, हे बहुतेक वेळा सांगितले जात नाही. जमीन वडिलोपार्जित आहे, घर विकून घेतली आहे, कर्ज काढून घेतली आहे, खंडाने घेतली आहे की एखाद्या मित्राने वापरायला दिली आहे, यावर पुढच्या प्रत्येक ओळीचा अर्थ अवलंबून असतो. ज्याला दर हंगामाच्या शेवटी खंड द्यावा लागतो त्याला एक पीक पडले की पुढच्या बियाण्याची भ्रांत पडते. ज्याची जमीन आपली आहे त्याला तेच पीक पडले तर वाईट वाटते आणि तो पुढच्या हंगामाची वाट पाहू शकतो. जमीन पडीक ठेवून तिला विश्रांती देण्याविषयी त्या पुस्तकात सहा सुंदर पाने आहेत. खंडाच्या जमिनीला विश्रांती द्यायची म्हणजे पडीक वाफ्याचाही खंड भरायचा, हे त्या सहा पानांत कुठे नाही.

ओघ तुटतो या कारणाविषयी मला इथेच एक जुने उदाहरण द्यावेसे वाटते. अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो 1845 ते 1847 या काळात वॉल्डन तळ्याकाठी राहिला आणि 1854 मध्ये त्याने त्यावरचे पुस्तक छापले. जगभर वाचल्या गेलेल्या त्या पुस्तकात सुमारे अडीच एकरांच्या घेवड्याच्या शेताचा पूर्ण हिशेब आहे: खर्च 14 डॉलर साडेबहात्तर सेंट, उत्पन्न 23 डॉलर 44 सेंट, शिल्लक 8 डॉलर साडेएकाहत्तर सेंट. कुदळीसारख्या अवजाराचे 54 सेंट त्यात आहेत, कावळ्यांना अडवायला बांधलेल्या पांढऱ्या दोरीचे 2 सेंटही आहेत, आणि नांगरट व सरी पाडण्याच्या साडेसात डॉलरपुढे त्याने 'फार झाले' असा शेरा मारून ठेवला आहे. खर्चाच्या निम्म्याहून अधिक रक्कम एकट्या नांगरटीवर गेलेली पाहून कुणीही हाच शेरा मारला असता, मीही मारते. दुसऱ्या वर्षी त्याने लागवड कमी करून जेवढी जमीन खरोखर लागणार होती तेवढीच, म्हणजे एकराचा सुमारे तिसरा हिस्सा, स्वतः खणली. हिशेब ठेवणारा माणूस शेत लहान करतो, ही त्या पुस्तकातली माझ्या दृष्टीने सर्वांत उपयोगी शेतकी माहिती आहे. त्या आकड्यांनी त्याच्या कथनाचा ओघ तुटला असे गेल्या पावणेदोनशे वर्षांत फारसे कुणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

थोरोचाही हिशेब अपुराच होता, हे प्रामाणिकपणे नोंदवते. ज्या जागेवर तो राहिला ती त्याचा मित्र इमर्सन याच्या मालकीची होती आणि जमाखर्चात खंडाचा रकाना नाही; स्वतःच्या हातांनी केलेल्या खुरपणीचे मोलही त्यात धरलेले नाही, आणि त्याच्या घेवड्याच्या सगळ्या ओळी एकापुढे एक मांडल्या तर सात मैल भरत होत्या. पण आकडे छापलेले आहेत म्हणूनच त्यांत काय नाही ते मला दाखवता येते. आपल्या पुस्तकांत ती सोयच राहिलेली नाही.

दुसरी तक्रार दुसऱ्या पगाराची. ती थोडक्यात सांगते, कारण ती सर्वांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. 'आम्ही शेतीवर जगलो' असे वाक्य असलेल्या पुस्तकांत ऋणनिर्देशाच्या पानावर कधीकधी कळते, की घरातले दुसरे माणूस त्या सगळ्या काळात नोकरी करत होते. आमच्या घरात तो पगार माझ्या पतींचा होता. तो नसता तर चौथे वर्ष आलेच नसते. यात लाजण्यासारखे काही नाही. लहान शेताला बाहेरच्या मिळकतीचा आधार असणे ही अपवादाची नव्हे तर नेहमीची गोष्ट आहे. पण ती पुस्तकाच्या पोटात न येता पाठीमागच्या आभारात आली, की वाचक नोकरी सोडताना दोघांची सोडतो. अशी दोन घरे माझ्या ओळखीची आहेत.

तिसरी तक्रार श्रमाविषयी आहे, आणि माझ्या मते हीच सगळ्यांत मोठी आहे.

'थोड्या जमिनीतून मोठ्या शेतापेक्षा एकरी अधिक उत्पादन' हे या पुस्तकांचे आवडते विधान. विधान खोटे नाही. अमर्त्य सेन यांनी 1962 मध्ये भारतातल्या शेतीविषयक पाहण्यांच्या आधारे नेमके हेच निरीक्षण मांडले होते, की शेताचा आकार वाढतो तसे एकरी उत्पादन घटत जाते. पण त्याच लेखात त्यांनी आणखी एक निरीक्षण मांडले होते: घरच्या माणसांच्या कामाला बाजारातल्या मजुरीचा भाव लावला, तर त्या शेतीचा बराच भाग तोट्यात दिसतो. या दोन गोष्टी एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. लहान शेतात एकरी उत्पन्न वाढते ते बऱ्याच अंशी घरचे माणूस तिथे पगाराशिवाय राबते म्हणून. मजूर लावणारा ज्या घटकेला थांबेल, त्या घटकेनंतरही ते खुरपत राहते. त्याही आधी, 1925 मध्ये, रशियन अर्थशास्त्रज्ञ अलेक्झांडर चायानोव यांनी दाखवले होते, की कुटुंबाच्या शेतीत मजुरी नावाचा रकानाच नसतो. घरात किती तोंडे आहेत आणि अंग किती सोसते, या दोहोंचा तोल जिथे बसतो तिथे काम थांबते. कुटुंब स्वतःचेच शोषण करते, असे त्यांनी त्याला म्हटले. चायानोव यांना पुढे अटक झाली आणि 1937 मध्ये गोळ्या घालून ठार मारले गेले. लहान शेतकऱ्याचा हिशेब मांडणेही कधीकधी किती महागात पडते, हे जाता जाता लक्षात आले.

आपल्या पुस्तकांतून सेन यांच्या त्या दोन निरीक्षणांपैकी पहिले छापले जाते आणि दुसरे छापले जात नाही. मी पाचव्या वर्षापासून तासांची नोंद ठेवायला लागले. पहिल्या महिन्याच्या अखेरीस जे दिसले त्याने मी चक्रावले: वाफ्यात घालवलेले तास एकूण तासांच्या निम्म्याहूनही कमी होते. उरलेले सगळे तास तोडणी, धुणे, प्रतवारी, भरणे, पोचवणे, उधारी वसूल करणे आणि अवजारे दुरुस्त करणे यांत गेले होते. पुस्तकाच्या तीनशे पानांत प्रतवारी हा शब्द मला सापडला नाही. आणि ती कामे कोण करत होते, हेही पाहिले पाहिजे. लेखक पहाटे शेतात उभा राहून धुके पाहत असताना कुणीतरी टोपल्या धूत होते. ती व्यक्ती पुस्तकात 'माझी सोबतीण' म्हणून येते, चहा घेऊन येते आणि प्रकरण संपते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर 2018 मध्ये शेतकरी आणि ग्रामीण भागात काम करणाऱ्यांच्या हक्कांचा जो जाहीरनामा स्वीकारला, त्यातले चौथे कलम खास स्त्रियांसाठी आहे. तेवढी दखल तरी आपण एका पुस्तकात घ्यायला हरकत नव्हती.

चौथी तक्रार त्या पुस्तकांतल्या शेजाऱ्याविषयी. जवळजवळ प्रत्येक पुस्तकात एक वृद्ध शेजारी असतो. तो कुंपणाला टेकून उभा असतो, कमी बोलतो, ढगाकडे बघून पाऊस सांगतो आणि नवख्या लेखकाची गंमत करून शेवटी त्याला आपला मानतो. जगात सुमारे 60 कोटी शेते आहेत. त्यांतली दर 100 पैकी साधारण 84 शेते 2 हेक्टरांहून लहान आहेत, आणि अन्न व कृषी संघटनेच्या संशोधकांनी 2021 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार शेतजमिनीच्या जेमतेम 12 टक्के भागावर ती जगाच्या अन्नाचा सुमारे 35 टक्के वाटा पिकवतात. या कोट्यवधी माणसांपैकी बहुतेक जण लहान शेतकरी 'झाले' नाहीत. ते तसेच जन्मले आणि त्यांच्यासमोर परतीची नोकरी नव्हती. आपण छापता ती पुस्तके 'होणाऱ्यांची' असतात. असणाऱ्याला त्यात कुंपणाला टेकायला जागा मिळते. त्याच्यावर कर्ज किती आहे, त्याची मुले शेती का सोडून गेली, लेखकाने विकत घेतलेला तुकडा मुळात त्याचाच होता का, हे एका पुस्तकाने तरी विचारावे. आमच्या बांधाला लागून असलेल्या शेजाऱ्यांना मी त्या पुस्तकातला एक उतारा वाचून दाखवला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "माणूस चांगला लिहितो, पण याला कुणाचे देणे दिसत नाही." इतके अचूक परीक्षण मी कुठल्या नियतकालिकात वाचलेले नाही. (ढगाकडे बघून पाऊस सांगणे त्यांना जमत नाही. ते मोबाइल बघतात.)

पाचवी तक्रार तपशिलातल्या गोडव्याविषयी. काही गोष्टी चुकीच्या नसतात, पण अर्ध्यावर सोडल्यामुळे घातक होतात. पुस्तकातल्या कोंबड्या मोकळ्या फिरतात, किडे वेचतात आणि आपले पोट आपण भरतात. प्रत्यक्षात अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण 110 ते 120 ग्रॅम खाद्य खाते. चाळीस कोंबड्या धरल्या तर रोजचे साडेचार किलो आणि वर्षाचे दीड टनाहून अधिक. मोकळे फिरून त्यातला काही भाग सुटतो, सगळा नाही. दिवस लहान झाले की अंडी कमी होतात, पिसे गळण्याच्या काळात जवळजवळ थांबतात, वय वाढेल तशी अंड्यांची एकूण संख्याही उतरत जाते आणि खाद्य मात्र तेवढेच लागते. म्हाताऱ्या कोंबडीचे काय करायचे, हा प्रश्न त्या लेखकाला पडलाच असणार. उत्तर पुस्तकात नाही.

पाण्याचेही तसेच. संध्याकाळच्या उन्हात झारीने पाणी घालणारा लेखक मुखपृष्ठावर आहे. उन्हाळ्यात भाजीपाल्याला दिवसाला 5 मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर एका एकराला ते 20 हजार लिटर होते. दहा लिटरच्या झारीने दोन हजार खेपा. पाव एकरासाठी पाचशे. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही मुखपृष्ठावर विश्वास ठेवून पाव एकरासाठी दोन झाऱ्या घेतल्या होत्या. अकराव्या दिवशी माझ्या पतींचा खांदा गेला आणि त्यानंतर आम्ही ठिबकच्या नळ्यांची चौकशी करायला निघालो.

आणि अर्धकच्चे खत. 'जे जमिनीतून आले ते जमिनीला परत द्या' हे वाक्य त्या पुस्तकात तीनदा येते. तिसऱ्या वर्षी आम्ही तसेच दिले: न कुजलेला पेंढा आणि भुसा भरपूर मातीत मिसळला आणि वर रोपे लावली. पंधरा दिवसांत खालची पाने पिवळी पडली, वाढ खुंटली. पेंढ्यात कर्बाच्या मानाने नत्र फार कमी असते. तो कुजवणारे सूक्ष्म जीव आपली गरज भागवायला मातीतले नत्र ओढून घेतात आणि ते परत मोकळे होईपर्यंत पीक उपाशी राहते. तोच पेंढा मातीत न मिसळता वर आच्छादन म्हणून अंथरला असता किंवा आधी नीट कुजवला असता, तर काही बिघडले नसते. ही माहिती कुठल्याही प्राथमिक कृषिपुस्तकात मिळते, आणि ती मी आधी वाचायला हवी होती, हे मान्य. पण ज्या लेखकाने तीन वेळा ते वाक्य लिहिले त्याचीही रोपे एकदा पिवळी पडली असणार, याविषयी मी पैज लावायला तयार आहे. ते प्रकरण कुठे आहे, हे आता आपल्या उत्तरामुळे मला कळले.

शेवटची तक्रार, जी खरे तर कुणा एका संपादकाकडे करता येत नाही. जे सोडून गेले त्यांची पुस्तके निघत नाहीत. सातव्या वर्षी जमीन परत करून पुन्हा नोकरीला लागलेल्या माणसाकडे सांगण्यासारखे अधिक असते, कारण त्याला शेवटची बेरीज करावी लागलेली असते. पण त्याच्या हस्तलिखिताला आपण शेवट गोड नाही म्हणून परत पाठवता, किंवा तो आपल्याकडे येतच नाही. परिणाम असा, की या विषयाचे सगळे वाङ्मय टिकलेल्यांनी लिहिलेले आहे आणि टिकण्याची कारणे त्यातून गाळलेली आहेत.

आता आपल्या संभाव्य उत्तराविषयी. आत्मकथन ही मार्गदर्शिका नसते, अनुभव सांगणे हा त्याचा धर्म आहे, असे आपण म्हणाल. मला ते पूर्ण मान्य आहे आणि माझे म्हणणे त्याच पायावर उभे आहे. तिसऱ्या वर्षी रात्री दोन वाजता उठून कागदावर तीच बेरीज चौथ्यांदा करणे, हा अनुभव नाही तर काय आहे? शेतकऱ्याच्या मनात दिवसभर चालू असते ती आकडेमोडच असते: किती दिवस झाले, किती उरले, कुणाला किती द्यायचे, ढग आले तर किती भिजेल. धुके मी आठ वर्षांत अनेकदा पाहिले आणि प्रत्येक वेळी ते सुंदर होते आणि प्रत्येक वेळी माझ्या मनात पानांवरच्या ओलीने येणाऱ्या बुरशीचा हिशेब चालू होता. हिशेब काढून धुके ठेवणे म्हणजे माझ्या अनुभवाचा अर्धा भाग छापणे. उरलेला अर्धा कंटाळवाणा आहे, असे ज्यांनी ठरवले त्यांनी तो जगून पाहिलेला नसावा.

दुसरे एक उत्तर असे येते, की पैशाच्या गोष्टी लेखकाच्या खासगी असतात. तेही ठीक. रकमा देऊ नका. प्रमाण द्या, तास द्या, वर्षे द्या. आठव्या वर्षी पहिल्यांदा शेताने आपला खर्च भागवून काही शिल्लक टाकली, एवढे वाक्य कुणाच्याही खासगीपणाला धक्का लावत नाही. आमच्या बाबतीत ते आठवे वर्षच होते, आणि त्या बेरजेत माझ्या स्वतःच्या मजुरीचा रकाना अजूनही कोरा आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. ज्या पुस्तकातून ते प्रकरण काढले गेले, त्याच्या नव्या आवृत्तीत लेखकाची संमती असेल तर ते परत घ्यावे. पुस्तक छापायला गेले असेल तर ते वेगळे, विनामूल्य वाचायला उपलब्ध करून द्यावे. यापुढे शेतकरी होण्याविषयीचे प्रत्येक आत्मकथन छापताना जमीन कशी मिळाली, घरात शेतीबाहेरची मिळकत होती का आणि काम करणारे हात किती होते, या तीन प्रश्नांची उत्तरे पुस्तकाच्या मुख्य भागात आहेत ना, हे संपादकाने पाहावे. ऋणनिर्देशात असलेले उत्तर धरू नये. 'स्वावलंबी' आणि 'शेतीवर जगणारे कुटुंब' हे शब्द मलपृष्ठावर घालण्यापूर्वी लेखकाला ते खरे आहेत का, हे लेखी विचारावे. छापण्यापूर्वी हस्तलिखित अशा एका माणसाला वाचायला द्यावे ज्याचे पोट त्याच आकाराच्या शेतावर आहे, आणि त्याला त्या वाचनाचे मानधन द्यावे. आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत निदान एक पुस्तक तरी शेती सोडून दिलेल्या माणसाचे काढावे.

कुणाला शेतीपासून परावृत्त करण्याचा माझा हेतू नाही. मी स्वतः सोडलेली नाही. हे पत्र लिहिताना उद्याच्या तोडणीच्या टोपल्या दारात धुऊन पालथ्या घातलेल्या आहेत. ते पुस्तकही मी टाकून दिलेले नाही. उगवणीच्या त्या पानावर मातीच्या बोटाचा डाग आहे आणि दर हंगामात पहिला कोंब दिसला की मी ते पान काढते.

आपल्यापैकी कुणाला पाहायच्या असतील तर माझ्या आठही वर्षांच्या वह्या उपलब्ध आहेत. त्यांतून हवे ते उतरवून घ्यावे, माझे नाव घालण्याची गरज नाही. तिसऱ्या वर्षाच्या वहीची काही पाने भिजून एकमेकांना चिकटली आहेत. ती मी सोडवलेली नाहीत, जपून सोडवावी लागतील.

कळावे,

आपली नम्र,
एक वाचक आणि सव्वा एकराची खंडकरी